मायबापाचे दोन हात

आज नाताळ. येशू ख्रिस्तांचा जन्मोत्सव म्हणून जगभरचे ख्रिस्ती बांधव आज आपापल्या प्रार्थनामंदिरांत दीप उजळतील. अशा दिवशी आमच्यासारख्या हरिदासाने काय लिहावे, असा प्रश्न एखाद्या भाविक वाचकाच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. परंतु कीर्तनाच्या उत्तररंगात आम्ही जे आख्यान लावतो ते भक्ताचे, आणि भक्ताचे कूळ अथवा देश विचारण्याची रीत संतांच्या दरबारात नाही. आज आम्ही जे आख्यान लावणार आहोत, ते साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात दिवंगत झालेल्या एका चित्रकाराचे आहे. त्याचे नाव रेम्ब्रँट. त्याने ग्रंथ लिहिला नाही की प्रवचन केले नाही. आयुष्यभर त्याने रंग लावले, आणि त्या रंगांतून अखेरीस असे एक चित्र सिद्ध झाले की, ते पाहताना आम्हांस आमच्या गादीवरील अनेक निरूपणे उणी वाटली. त्या चित्राचे नाव ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’.

कीर्तनात जसा प्रथम पूर्वरंग, तशी येथे प्रथम चित्रामागची कथा सांगणे प्राप्त आहे. ही कथा येशू ख्रिस्तांनी आपल्या श्रोत्यांस दृष्टांत म्हणून सांगितली. बायबलाच्या नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ती आहे. एका गृहस्थास दोन पुत्र होते. धाकट्याने एके दिवशी बापाकडे आपला वाटा मागितला. बाप हयात असता वाटणी मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट न पाहण्याइतका उतावीळपणा. तरीही बापाने वाटणी करून दिली. पुत्र दूरदेशी गेला आणि त्याने सारे धन चैनबाजीत उडविले. पुढे तेथे दुष्काळ पडला. पोटासाठी त्याने डुकरे राखली, आणि डुकरांच्या पुढ्यातील शेंगा तरी खाव्यात असे त्यास वाटू लागले. तेव्हा त्यास घर आठवले. पुत्र म्हणवून घेण्याची आपली पात्रता उरली नाही, पण बापाच्या घरी निदान गडी म्हणून तरी राहू, असे मनाशी घोकीत तो परतला. बापाने त्यास दुरूनच पाहिले आणि धावत जाऊन मिठी मारली. पुत्राचे घोकलेले शब्द पुरे होण्यापूर्वीच उत्तम वस्त्र, अंगठी, पायतण आणण्याची आज्ञा झाली आणि मेजवानी सुरू झाली. थोरला पुत्र शेतातून आला, वाद्यांचा आवाज ऐकून रुसला आणि बाहेरच उभा राहिला. इतकी वर्षे निमूट राबलो त्याचे काही नाही आणि या उधळ्यासाठी सोहळा, हे त्याचे दुःख. बाप त्याचीही समजूत काढावयास बाहेर आला. पुढे थोरला आत गेला की नाही, हे ख्रिस्तांनी सांगितलेले नाही. कथा तेथेच थांबते.

ही कथा ऐकताना पंढरीच्या वाटेवरील कोणासही पुंडलिकाचे स्मरण होईल. मातापित्यांस छळणारा पुत्र पश्चात्ताप पावून परत फिरला, त्यांच्या सेवेत रमला, आणि प्रत्यक्ष परब्रह्म त्याच्यासाठी विटेवर तिष्ठत राहिले. दोन्ही कथांचे देशकाल निराळे आहेत. परंतु वाट चुकलेल्या पुत्राची वाट पाहणारे कोणी आहे, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे. आता या कथेचे चित्र ज्याने काढले, त्याच्या चरित्राकडे वळू.

रेम्ब्रँटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडन या गावी झाला. वडील हार्मेन यांची ऱ्हाइन नदीकाठी पवनचक्की होती, त्यावरून घराण्यास ‘ऱ्हाइनकाठचे’ या अर्थाचे ‘वान रेन’ हे आडनाव पडले. आई भटारखानेवाल्याची कन्या. एकाने पीठ दळावे आणि दुसऱ्याने त्याची भाकरी भाजावी, असे हे कष्टाळू घर. भावंडे पुष्कळ होती. त्यांत या मुलाची बुद्धी पाहून त्यास लॅटिन पाठशाळेत घातले. आमच्याकडे संस्कृतास जे स्थान, तेच तिकडे लॅटिनास. १६२० साली लायडनच्या विद्यापीठात त्याचे नाव दाखल झाले. पण मुलाचे चित्त पोथीत नव्हते. त्याने चित्रकाराची उमेदवारी धरली. प्रथम आपल्याच गावी सुमारे तीन वर्षे, आणि पुढे अ‍ॅम्स्टरडॅम येथे पीटर लास्टमान या इटलीस जाऊन आलेल्या चित्रकारापाशी सहा महिने, एवढेच त्याचे गुरुगृही राहणे. पोथी सुटली, तरी पोथीतील कथा सुटल्या नाहीत. अब्राहाम, योसेफ, तोबीत आणि ख्रिस्त यांच्या कथा त्याने मरेपर्यंत रंगविल्या.

त्या काळच्या धर्मस्थितीविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे सगुण आणि निर्गुण असा जो वाद, त्यासारखाच एक वाद तेव्हा युरोपात पेटलेला होता. नव्या सुधारक पंथाचे म्हणणे असे की, देवळात मूर्ती अथवा चित्र असू नये. १५६६ साली नेदरलँड्समध्ये या आवेशात अनेक चर्चमधील मूर्ती आणि चित्रे फोडण्यात आली, आणि पुढे भिंतींस पांढरा रंग लागला. उलट इटली, स्पेन अशा कॅथलिक देशांत चर्चने चित्रकलेस हाताशी धरले. पाहणाऱ्याच्या हृदयास हात घालणारी, वेगवान हालचाल आणि गडद छायाप्रकाश यांनी भारलेली जी शैली तेथे फोफावली, तिला ‘बरोक’ म्हणतात. इटलीतील काराव्हाज्जो याने अंधाऱ्या खोलीत एकाच बाजूने प्रकाशाचा झोत सोडावा तशी चित्रे रंगविली, आणि ती तऱ्हा सर्व युरोपभर गेली. रेम्ब्रँट इटलीस कधी गेला नाही; परंतु हा छायाप्रकाश त्याने असा आत्मसात केला की आज त्याचे नाव घेताच तोच आठवतो. त्याच्या देशातील देवळांत मात्र चित्रास जागा उरली नव्हती. म्हणून धर्मचित्र देवळातून उठून गृहस्थाच्या घरी आले. देव्हारा घरात असणाऱ्या आपल्या वाचकांस यातील गोडी सांगावयास नको. घरातील चित्रात देव मोठ्या सिंहासनावर बसून चालत नाही. त्यास घरच्यासारखेच व्हावे लागते. रेम्ब्रँटचे देवदूत आणि संत घरातील वडीलधाऱ्यांसारखे दिसतात, त्याचे हे एक कारण असावे.

१६३१ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने काढलेले एक चित्र आज हेग येथील संग्रहालयात आहे. शिमोन नावाचा एक वृद्ध भक्त यरुशलेमच्या मंदिरात होता. तारणहाराचे दर्शन घडल्यावाचून तुला मृत्यू नाही, असे त्यास आश्वासन होते. मरिया आणि योसेफ बाल येशूस घेऊन मंदिरात आले, तेव्हा त्याने ते बालक उचलून घेतले आणि आता मी सुखाने जातो, असे देवास सांगितले. उंच खांबांचे भव्य मंदिर, भोवती काळोख, आणि मध्ये त्या वृद्धावर पडलेला उजेड, असे ते तरुण हाताचे चित्र आहे. वाचकांनी हे चित्र लक्षात ठेवावे. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

त्याच सुमारास तो अ‍ॅम्स्टरडॅम येथे स्थायिक झाला. व्यापाराने गबर झालेले ते शहर. १६३२ सालच्या ‘डॉक्टर तुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ या चित्राने त्याचे नाव एकदम गाजले. राजपुरुष फ्रेडरिक हेन्री याने ख्रिस्तांच्या जीवनावरील चित्रमालिका त्याच्याकडून करवून घेतली. शिष्यांची रीघ लागली. १६३४ साली सास्किया या सधन घराण्यातील कन्येशी त्याचा विवाह झाला. १६३९ साली त्याने तेरा हजार गिल्डर किमतीचे मोठे घर घेतले, आणि किंमत बरीचशी अंगावर ठेवून घेतले. लिलाव दिसला की हा उभा. शंख, शिंपा, शस्त्रे, पुतळे, जुनी वस्त्रे, थोर चित्रकारांची चित्रे, जे नजरेस पडेल ते घरी यावे, असा त्याचा शौक. येणारा पैसा पुष्कळ, आणि जाणारा त्याहून अधिक.

याच भरभराटीच्या काळातील, सुमारे १६३५ सालचे, एक चित्र जर्मनीतील ड्रेस्डेन येथे आहे. उंची पोशाख, टोपीत पिसांचा तुरा, कमरेस तलवार असा एक तरुण हातातील पेला उंचावून हसत आहे आणि त्याच्या मांडीवर स्त्री बसली आहे. हा दृष्टांतातील उधळ्या पुत्र आहे, दूरदेशी धन उडवीत असलेला. मात्र त्यास चेहरा दिला आहे तो रेम्ब्रँटने स्वतःचा, आणि स्त्रीस सास्कियाचा. कथेतील पापी माणूस रंगविताना त्याने शेजाऱ्यास उभे न करता स्वतःस उभे केले. पुढच्याच वर्षी, १६३६ मध्ये, त्याने तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने कोरून पुनरागमनाचाही प्रसंग काढला. त्यात बाप पायरीवर लगबगीने झुकला आहे, पुत्राचे अंग हाडे मोजावीत असे कृश आहे, आणि वर एक स्त्री खिडकी उघडून डोकावते आहे. सर्वत्र धावपळ आहे. तिशीतील माणसास ही कथा घटना म्हणून दिसली, ते योग्यच होते.

या हसऱ्या घरात मृत्यूचा पाय मात्र आधीच पडला होता. पहिला पुत्र १६३५ साली जन्मला आणि दोन महिन्यांत गेला. १६३८ साली कन्या झाली, तीही काही आठवड्यांत गेली. १६४० साली पुन्हा कन्या झाली, तिलाही महिनाभराहून अधिक आयुष्य लाभले नाही. १६४१ साली झालेला टीटस तेवढा जगला; पण तो नऊ महिन्यांचा असताना, जून १६४२ मध्ये, सास्कियाने डोळे मिटले. तिचे वय अवघे एकोणतीस होते. त्याच वर्षी त्याने ‘रात्रीचा पहारा’ हे आपले सर्वांत विख्यात चित्र पुरे केले. ते चित्र गिऱ्हाइकांनी नाकारले आणि तेथून त्याचा ऱ्हास सुरू झाला, अशी दंतकथा पसरली आहे. पण ती खरी नाही. चित्राचे पैसे त्यास मिळाले. ऱ्हास झाला तो घरातून.

चरित्र सांगताना नायकाचे दोष झाकावेत, असे आम्हांस वाटत नाही. तान्ह्या टीटसला सांभाळण्यासाठी गेर्त्ये नावाची एक विधवा घरात होती. रेम्ब्रँटने तिच्याशी संबंध ठेवला आणि पुढे तिला टाकले. तिने न्यायालयात धाव घेतली. १६४९ साली न्यायालयाने तिला वर्षास दोनशे गिल्डर द्यावेत असा हुकूम केला. त्यावर याने तिच्या वर्तनाविरुद्ध साक्षी गोळा करवून तिला खाउडा गावच्या सुधारगृहात डांबविण्याची खटपट केली, आणि ती बाई पाच वर्षे तेथे खितपत पडली. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. ज्या हाताने क्षमेचे चित्र काढले, तोच हात एका अबलेविरुद्धही चालला, हे वाचकांनी विसरू नये. कारण हे विसरल्यास पुढील चित्राचा अर्थच हरवतो.

त्यानंतर हेंड्रिक्ये ही साधी, प्रेमळ स्त्री त्याच्या घरी आली. सास्कियाच्या मृत्युपत्रात अट अशी होती की, रेम्ब्रँटने पुन्हा लग्न केल्यास तिच्या संपत्तीच्या उपभोगावरील त्याचा हक्क संपावा. त्यामुळेच बहुधा त्याने हेंड्रिक्येशी विवाह केला नाही. १६५४ साली ती गरोदर असता चर्चच्या धर्मसभेने तिला बोलावून दोषी ठरविले आणि प्रभुभोजनास तिला मज्जाव केला. त्याच वर्षी तिला कन्या झाली. सास्कियाच्या दोन अल्पायुषी कन्यांचे जे नाव, कॉर्नेलिया, तेच त्याने हिचे ठेवले. ते नाव त्याच्या आईचे होते.

आता आपल्या देशाशी निगडित अशी एक गोष्ट सांगावयाची आहे. डच व्यापारी तेव्हा हिंदुस्थानात येत होते. सुरतेस त्यांची वखार होती, आणि आपल्या कोकणात वेंगुर्ल्यास १६३७ पासून होती. या व्यापाराच्या ओघात मोगल दरबारातील लघुचित्रे अ‍ॅम्स्टरडॅमपर्यंत पोहोचली. रेम्ब्रँटने ती पाहिली, आणि पन्नाशीचा हा विख्यात चित्रकार विद्यार्थ्यासारखा बसून त्यांच्या नकला करू लागला. जहांगीर, शाहजहान यांच्या आकृती त्याने मौल्यवान जपानी कागदावर रेखाटल्या. त्यांतील सुमारे तेवीस रेखाटने आज शिल्लक आहेत. त्यांत झाडाखाली गोलाकार बसलेल्या चार वृद्ध साधुपुरुषांचेही एक आहे. १६५६ साली त्याने बायबलातील अब्राहामाच्या आतिथ्याची कथा अम्लरेखनात काढली. अब्राहामाच्या दारी तीन अनोळखी पाहुणे आले, त्याने त्यांस आदराने जेवू घातले, आणि ते पाहुणे दैवी निघाले, अशी ती कथा. त्या चित्रात पाहुण्यांस मेज-खुर्ची नाही. ते जमिनीवर बैठक मांडून, दाढीवाल्या वृद्धांसारखे जेवणास बसले आहेत, आणि यजमान हातात सुरई घेऊन नम्रपणे उभा आहे. ही बैठक त्या हिंदुस्थानी चित्रातील साधूंवरून सुचली असावी, असे जाणकार मानतात. अतिथीस देव मानणाऱ्या आपल्या भूमीतील बैठक अब्राहामाच्या अंगणात जाऊन बसली, हा योगायोग आम्हांस फार मोठा वाटतो.

आणि ज्या वर्षी त्याने हे आतिथ्य रेखाटले, त्याच १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. न्यायालयाच्या माणसांनी घरात येऊन चीजवस्तूंची यादी केली. तिच्यात ३६३ नोंदी आहेत. चित्रे, पुतळे, शिरस्त्राणे, शंख, सारे लिलावात गेले. १६५८ साली घरही विकले गेले. तेरा हजारांचे घर अकरा हजारांच्या आसपास गेले. तो शहराच्या साध्या वस्तीतील लहान भाड्याच्या घरात राहावयास गेला. सावकारांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून १६६० साली टीटस आणि हेंड्रिक्ये यांनी चित्रांच्या व्यापाराची भागीदारी काढली, आणि रेम्ब्रँट कागदोपत्री त्यांचा नोकर झाला. उधळ्या पुत्राने बापाच्या घरी गडी म्हणून राहण्याचे योजिले होते. येथे बापच पुत्राच्या पेढीवर चाकर झाला. १६६२ साली तर पैशांच्या ओढीने त्याने सास्कियाच्या थडग्याची जागासुद्धा विकली. १६६३ साली हेंड्रिक्ये गेली. शहरात तेव्हा प्लेग होता. फेब्रुवारी १६६८ मध्ये टीटसचे लग्न झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, वयाची सत्तावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तोही गेला. मार्च १६६९ मध्ये टीटसला मरणोत्तर कन्या झाली.

आयुष्याच्या या अखेरच्या वर्षांत केव्हातरी ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ हे चित्र तयार झाले. १६६८ च्या सुमारास ते काढले असावे, असे मानतात. १७६६ साली रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने ते मिळविले, आणि आज ते सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयात आहे. उंची सुमारे साडेआठ फूट, रुंदी पावणेसात फूट. म्हणजे त्यातील माणसे जवळजवळ आपल्याएवढीच. आम्ही त्याची छापील प्रत तेवढी पाहिली आहे. परंतु वाचकांच्या डोळ्यांपुढे ते उभे करण्याचा यत्न करतो.

भोवती तपकिरी काळोख आहे. डावीकडे एका वृद्धावर उजेड पडला आहे. त्याच्या खांद्यांवर तांबडी शाल आहे, दाढी पिकली आहे, आणि डोळे जवळजवळ मिटलेले, वाट पाहून अधू झालेले वाटतात. त्याच्यापुढे पुत्र गुडघे टेकून बसला आहे, पाठ आपल्याकडे. त्याचे डोके मुंडलेले आहे, वस्त्रांच्या चिंध्या झाल्या आहेत. एका पायातील जोडा निसटला आहे आणि तळवा उघडा पडला आहे. दुसऱ्याची टाच फाटून गेली आहे. कमरेस एक लहानशी कट्यार मात्र अजून आहे. एवढीच काय ती पूर्ववैभवाची खूण. त्याने आपले मस्तक बापाच्या छातीशी लपविले आहे. ड्रेस्डेनच्या चित्रात आपल्याकडे पाहून हसणारा तो चेहरा येथे आपणांस दिसतच नाही. आणि १६३६ च्या रेखाटनातील धावपळही नाही. कोणी धावत नाही, कोणी बोलत नाही. बरोक चित्रकलेचा प्राण म्हणजे गती; ती या वृद्धाने येथे काढून घेतली आणि प्रकाश तेवढा ठेवला.

आता पित्याचे हात पाहावेत. दोन्ही पुत्राच्या पाठीवर ठेवलेले आहेत, परंतु ते एकसारखे नाहीत. डावा हात रुंद, बळकट, बोटे पसरून खांदा घट्ट धरणारा. उजवा सडपातळ, मऊ, नुसता टेकलेला, जणू थोपटणारा. एक हात बापाचा आणि दुसरा आईचा, असे हे चित्र निरखणाऱ्या अनेकांस वाटले आहे. चित्रकाराच्या मनात तेच होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण पांडुरंगास मायबाप म्हणणाऱ्या आणि ज्ञानोबारायांस माउली म्हणून हाक मारणाऱ्या आपल्या मनास हे समजावून सांगावे लागत नाही. देव धरतो तेव्हा बापाच्या हाताने धरतो, पुन्हा निसटू नये म्हणून. आणि कुरवाळतो तेव्हा आईच्या हाताने, मागचे काही विचारू नये म्हणून.

उजवीकडे एक उंच पुरुष काठीवर हात ठेवून ताठ उभा आहे. त्याच्याही अंगावर पित्यासारखेच तांबडे वस्त्र आहे आणि त्याच्याही चेहऱ्यावर उजेड आहे. हा थोरला पुत्र, असे बहुतेक मानतात. मूळ कथेत पितापुत्रांच्या भेटीच्या वेळी थोरला तेथे नव्हता, तो शेतावर होता. चित्रकाराने त्यास मुद्दाम आणून उभा केला आहे. पित्याचे वस्त्र त्याच्यापाशी आहे, पित्याचा प्रकाशही आहे. पण त्याचे हात एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कोणाच्या पाठीवर गेलेले नाहीत.

या उभ्या पुरुषाने आम्हांस फार दिवस स्वस्थ बसू दिले नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या क्षेत्री एक गृहस्थ बारा गावचे पाणी पिऊन परतले. वाडवडिलांची जमीन त्यांनी नको त्या नादांत घालविली होती, आणि हे सर्वांस ठाऊक होते. कार्तिकीच्या एका रात्री ते आमच्या कीर्तनास येऊन पुढेच बसले. आख्यान होते अजामिळाचे. महापापी नामाने तरला, हे आम्ही कंठ दाटून सांगितले, श्रोत्यांचे डोळे पाणावले. आरतीनंतर ते गृहस्थ पाया पडावयास वाकले आणि आम्ही, कोणास कळेल न कळेल इतकेच, पाऊल मागे घेतले. त्यांस ते कळले. ते पुन्हा कधी कीर्तनास आले नाहीत, आणि काही वर्षांत वारले. आम्ही कधी संध्या चुकविली नाही, एकादशी मोडली नाही, वारी चुकविली नाही. आणि त्या रात्री अंगणात ताठ उभे राहिलेले थोरले बंधू आम्हीच होतो. गादीवर अजामिळ सांगणे सोपे असते. तो समोर येऊन वाकला म्हणजे कीर्तनकाराची परीक्षा होते.

धाकट्याचे पाप सर्वांस दिसते. थोरल्याचे पाप व्रताच्या सोवळ्यात गुंडाळलेले असते, म्हणून ते त्याचे त्यासही दिसत नाही. रेम्ब्रँटला ते दिसले. कारण त्याने धाकट्याप्रमाणे उधळले होते, थोरल्याप्रमाणे कठोरपणाही केला होता, आणि अखेर पुत्रांस मुकलेला पिताही तोच होता. तिन्ही भूमिका भोगलेल्या माणसाने हे चित्र काढले आहे. भोगलेले नसते, तर पित्याचे ते हात त्यास सापडले नसते, असे आमचे मत आहे.

रेम्ब्रँट ४ ऑक्टोबर १६६९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, निवर्तला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या, खूण नसलेल्या थडग्यात त्यास पुरण्यात आले. त्याचे नेमके स्थान आज कोणास दाखविता येत नाही. मागे चित्रशाळेत एक अपुरे चित्र राहिले होते. ते आज स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे आहे. विषय तोच, शिमोनाचा, जो त्याने पंचविशीत रंगविला होता. परंतु येथे ते उंच खांब नाहीत, मंदिर नाही, गर्दी नाही. मिटत चाललेल्या डोळ्यांचा एक वृद्ध आहे, आणि त्याच्या पुढे केलेल्या दोन्ही हातांवर बाल येशू. हात ताठ आहेत, जणू एवढे अनमोल ओझे कसे धरावे हे त्या म्हाताऱ्यास उमगत नाही.

ज्या बालकाचा आज जन्मोत्सव, तेच ते बालक. ख्रिस्ती बांधव आज त्याचे स्वागत करतील. आपण आपल्या देव्हाऱ्यापाशी सायंकाळी दिवा लावू, तेव्हा आमची भाविक वाचकांस एवढीच विनंती आहे. आपल्या कुळातील, आळीतील, गावातील एखादे वाट चुकलेले माणूस क्षणभर आठवावे. ते आज ना उद्या दारी येईल, तेव्हा त्यास काय विचारावे याची जुळवाजुळव करू नये. आपले दोन्ही हात मोकळे आहेत ना, एवढे पाहावे. आमचे एकदा मोकळे नव्हते. त्याची रुखरुख आज या पानावर उतरली आहे. मायबाप पांडुरंग सर्वांस सद्बुद्धी देवो.